"कसं वाटतंय?" हा प्रश्न मोजायला डॉक्टर कसे शिकले

"डॉक्टर, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मग मला बरं का वाटत नाही?" तुमच्यापैकी अनेकांनी हा प्रश्न कधी ना कधी विचारला असेल. सुरुवातीच्या काळात मीही रिपोर्टवर बोट ठेवून "काळजीचं काही नाही" म्हणत असे. पण पोटाच्या त्रासामुळे माणूस एसटीचा लांबचा प्रवास टाळतो, लग्नाला जातो पण जेवत नाही, कुठेही गेला की आधी शौचालय कुठे आहे ते बघतो. यातलं रिपोर्टमध्ये काहीच येत नाही. हा त्रास मोजायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. त्याचाच हा थोडक्यात इतिहास.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधील डॉ. क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या एका आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. तोच आजचा क्रोन्स डिसीज. पुढे औषधं आली आणि प्रश्न पडला की औषध लागू पडलं हे ठरवायचं कसं?

१९७६ साली अमेरिकेत त्यासाठी एक गुणांक तयार झाला, सीडीएआय. त्यात आठ गोष्टी होत्या. पातळ शौच किती वेळा झालं, पोट किती दुखलं आणि एकूण कसं वाटलं, हे रुग्णाने सात दिवस वहीत लिहायचं. बाकी वजन, रक्ताची तपासणी, पोटात गाठ लागते का, वगैरे. बेरीज १५० च्या खाली आली की आजार शांत समजायचा. रुग्णाचं म्हणणं इथे प्रथमच नीट नोंदलं गेलं. पण कोणत्या गोष्टीला किती गुण द्यायचे हे ठरवताना कसोटी होती डॉक्टरांच्या मताची. रुग्ण किती बरा आहे, हे अखेर डॉक्टरच सांगत होते.

खरा बदल झाला तो कॅनडात. मॅकमास्टर विद्यापीठातील डॉ. गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी आतड्याला सूज असलेल्या रुग्णांनाच विचारलं, तुम्हाला कशाचा त्रास होतो आणि त्यातलं सर्वांत जास्त काय खुपतं? त्या उत्तरांतून १९८९ साली ३२ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली, आयबीडीक्यू. गेल्या दोन आठवड्यांत थकवा किती होता? पोटामुळे ठरलेला कार्यक्रम रद्द केला का? शौचालय सापडणार नाही अशी धास्ती होती का? लाज वाटली का? प्रत्येक उत्तराला १ ते ७ गुण. एकूण ३२ ते २२४. गुण जितके जास्त, तितकं जगणं सुसह्य.

मग इतर आजारांकडेही लक्ष गेलं. १९९५ साली जर्मनीतील शल्यविशारदांनी पोटाच्या सर्वच विकारांसाठी ३६ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. १९९८ साली आयबीएससाठी वेगळी आली. हे महत्त्वाचं, कारण आयबीएसमध्ये दुर्बिणीची तपासणी बहुधा नॉर्मलच येते. त्रास मात्र खराच असतो.

याचा अर्थ तपासण्या नकोत असा नाही. काहींना बरं वाटत असतं, पण आत सूज चालूच असते. म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आतड्याच्या जखमा भरणं आणि जगण्याचा दर्जा पूर्ववत होणं, ही दोन्ही उपचारांची उद्दिष्टं मानली आहेत.

आता तुमचं काम. पुढच्या वेळी "कसं वाटतंय?" विचारल्यावर सवयीने "ठीक आहे" म्हणू नका. दोन आठवडे रोज चार ओळी लिहा: किती वेळा जावं लागलं, झोप मोडली का, काय खायचं टाळलं, कुठे जायचं रद्द केलं. तो कागद रिपोर्टच्या फाइलमध्येच लावून आणा. मात्र शौचात रक्त, विनाकारण वजन घटणं किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यांपैकी काही असेल तर दोन आठवडे थांबू नका, लगेच दाखवा.