नोकरी नसलेल्यांची निवृत्ती

संभाजीनगरहून बीडकडे जाणारा हमरस्ता जेथे गोदावरी ओलांडतो, तेथे नदीच्या उत्तर तीरावर, अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेशी, जुन्या किल्ल्याचे अवशेष उराशी धरून शहागड वसलेले आहे. पूल नव्हता तेव्हा पुराच्या दिवसांत नावाड्याच्या हातावर पैलतीर गाठावे लागे. पूल झाला, रहदारी वाढली, आणि रस्त्याच्या कडेने चहाची टपरी, पंक्चरचे दुकान, शिलाईयंत्र, फळांची गाडी अशी नवी पोटे भरू लागली. जुना नावाडी आणि आजचा टपरीवाला यांच्यामध्ये एक गोष्ट समान आहे: दोघांनाही धनी नाही, म्हणून धन्याने भरावयाची वर्गणीही नाही. ज्याची मिळकत अल्प आहे आणि ज्याच्या पदरी मुलेबाळे आहेत, अशा माणसाने स्वतःच्या उतारवयाची तरतूद कोणत्या बळावर करावी, हा प्रश्न मराठवाड्यात फार जुना आहे.

बलुत्याच्या काळी त्याचे उत्तर कुटुंबातच होते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांना सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. बाप थकला की मुलगा तेच काम उचली आणि वाटा त्याच घरी येत राही. मूल हीच तेव्हा वृद्धापकाळाची तरतूद होती. या व्यवस्थेने माणसाला जन्मजात धंद्याशी जखडून ठेवले, आणि गावकुसाबाहेरच्यांवर तर तिने घोर अन्याय केला. तिचा शोक करण्याचे कारण नाही. परंतु ती मोडली तेव्हा तिच्याबरोबर म्हातारपणाचा आधारही गेला, आणि त्याच्या जागी काय ठेवावयाचे याचा विचार कोणत्याही सरकारने पुढील अर्धशतक गांभीर्याने केला नाही.

विम्याची कल्पना या मुलखाला अपरिचित होती असे नव्हे. निजामाच्या राज्यात 1907 मध्ये सरकारी नोकरांसाठी कुटुंब निवृत्तिनिधी स्थापन झाला आणि 1913 मध्ये त्याला आयुर्विम्याचे रूप मिळाले. दप्तरातल्या कारकुनाच्या पश्चात त्याच्या मुलांना काही मिळावे ही दृष्टी त्यात होती. नदीवर नाव चालविणाऱ्याची मुले मात्र त्या दप्तरात कोठेच नव्हती. 1948 ची पोलीस कारवाई झाली, 1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1956 मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन त्याच वर्षी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तरी हा भेद टिकला. 1980 मध्ये राज्याने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. तिचे उपकार मोठे आहेत, पण ती हाती येते मनुष्य निराधार ठरल्यानंतर.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न निराळ्या वाटेने गेला. 1948 पासून तेथील राष्ट्रीय विम्यात स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही सामावून घेण्यात आले. 1978 पासून मूल सांभाळण्यासाठी घरी राहिलेल्यांची वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात त्यांच्या विरुद्ध जाऊ नयेत अशी सोय झाली, आणि 2010 पासून बारा वर्षांखालील मुलासाठी बालभत्ता घेणाऱ्या पालकाच्या खाती वर्गणी भरल्याप्रमाणे आठवडे जमा होऊ लागले. 2024 मध्ये स्वयंरोजगारींची आठवड्याची ठरावीक वर्गणी सक्तीची राहिली नाही. अत्यल्प नफा असणाऱ्यांना ती स्वेच्छेने भरता येते, आणि त्या वर्षी तिचा दर आठवड्याला 3.45 पौंड होता. अल्प मिळकतीचा पालक तेथेही स्वेच्छेच्या वर्गात आहे, पण अपत्यसंगोपन हे श्रम होत, ही गोष्ट तेथील कायद्याने लिहून ठेवली आहे.

आपल्याकडे त्या दिशेचे एक पाऊल 2000 मध्ये पडले होते. जनश्री विमा योजनेत वर्षाचा 200 रुपयांचा हप्ता असे, त्यातील निम्मा सामाजिक सुरक्षा निधीतून येई. आणि तिला जोडलेल्या शिक्षा सहयोग योजनेत सभासदाच्या नववी ते बारावीतील दोन मुलांना दरमहा 100 रुपये शिष्यवृत्ती मिळे. कामगार आणि पालक ही एकाच माणसाची दोन नाती आहेत हे ओळखणारी याहून चांगली योजना माझ्या पाहण्यात नाही. पुढे 2013 मध्ये ती आम आदमी विमा योजनेत विलीन झाली. त्याआधी 2010 मध्ये स्वावलंबन, आणि नंतर 2015 मध्ये अटल पेन्शन, 2019 मध्ये श्रमयोगी मानधन अशा योजना आल्या, आणि त्यांत मुलांचा विचार मागे पडला.

श्रमयोगी मानधनाचा तपशील पाहावा. महिना 15,000 रुपयांपर्यंत मिळकत असलेल्या असंघटित कामगाराने अठराव्या वर्षी दरमहा 55 रुपये, चाळिसाव्या वर्षी 200 रुपये भरावयाचे, तेवढेच केंद्राने घालावयाचे आणि साठीनंतर दरमहा 3,000 रुपये मिळावयाचे. एकोणतिसाव्या वर्षी हप्ता 100 रुपये पडतो; नवरा-बायको दोघांनी भरला तर 200. रक्कम लहान आहे, हे मान्य. पण ती भरण्याची वर्षे तीच आहेत, ज्यांत मुलाचा दवाखाना, शाळेची वह्या-पुस्तके आणि पावसाळ्यातला ओस धंदा एकदम अंगावर येतो. थकलेला हप्ता नंतर दंडासह चुकवावा लागतो, आणि केंद्राचा वाटा माणसाने आपला हप्ता भरला तरच पडतो. म्हणजे साहाय्याची गरज ज्या महिन्यात सर्वांत अधिक, त्याच महिन्यात साहाय्य थांबते. सभासदाच्या मागे निम्मे निवृत्तिवेतन मिळते तेही केवळ पती किंवा पत्नीस.

माझ्या मते दुरुस्ती फार मोठी नको. घरात बारा वर्षांखालचे मूल आहे तोवर चुकलेल्या महिन्यांत केंद्राने आपला वाटा घालीत राहावे, दंड माफ करावा, आणि ही नोंद ई-श्रमच्या दप्तरात व्हावी, ज्याची उभारणी 2021 मध्येच झाली आहे. माथाडी कामगारांना 1969 च्या कायद्याने व्यापाऱ्यांकडून वर्गणी मिळवून दिली. सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवर काम देणाऱ्या कंपन्यांवर उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान बसविले. शहागडच्या टपरीवाल्यासाठी असा तिसरा पक्ष कोणीही नाही, म्हणून तो वाटा सरकारनेच उचलला पाहिजे.