साखळीपत्रांचे गणित : श्रीमंत कोण होतो आणि बुडतो कोण?

पत्र फाडू नका, सात दिवसांच्या आत अकरा जणांना पाठवा, अशा मजकुराची पोस्टकार्डे एकेकाळी महाराष्ट्रातील घराघरांत येत असत. संतोषी माता, तिरुपती बालाजी किंवा साईबाबा यांच्या नावाने आलेल्या या कार्डांत पत्र पुढे पाठविणाऱ्यास धनलाभ झाल्याचे आणि फाडणाऱ्यावर संकट कोसळल्याचे दाखले असत. त्यांत पैशांची मागणी नसे. अकरा कार्डांचा भुर्दंड आणि मनाला लागलेली हुरहूर, एवढ्यावरच प्रकरण निभावत असे.

याच पत्राचा दुसरा अवतार मात्र थेट खिशाला हात घालतो. थोडे पैसे पाठवा, साखळी तोडू नका आणि काही आठवड्यांत लखपती, करोडपती व्हा, असे तो सांगतो. पोस्टकार्डावरून तो छापील पत्रकांवर आला, पत्रकांवरून ई-मेलवर आणि पुढे मोबाइलवर. माध्यम बदलले तरी त्यामागील गणित तसूभरही बदललेले नाही. ज्यांचे पैसे बुडाले त्यांची बहुधा अशी समजूत असते, की कोणीतरी मध्येच साखळी तोडली म्हणून आपले नुकसान झाले. वस्तुस्थिती अशी, की साखळी कोणीही तोडली नाही तरी बहुतेकांचे पैसे बुडतातच. ते कसे, हे एकदा नीट समजून घेतले तर अशा पत्रांचा मोह आपोआप ओसरतो.

पत्र कसे चालते?

नमुन्यादाखल एक पत्र घेऊ. त्यात पाच नावांची आणि पत्त्यांची यादी आहे. पत्र मिळणाऱ्याने यादीतील पहिल्या नावाला १०० रुपये पाठवायचे, ते नाव खोडायचे, उरलेली चार नावे एकेक पायरी वर सरकवायची आणि तळाशी स्वतःचे नाव घालायचे. मग या नव्या यादीच्या प्रती दहा जणांना पाठवायच्या.

त्या दहा जणांच्या हाती पडलेल्या यादीत आपले नाव पाचवे असते. त्या दहांनी प्रत्येकी दहा पत्रे पाठविली, की १०० जणांकडे ते चौथे असते. पुढे १ हजार जणांकडे तिसरे, १० हजार जणांकडे दुसरे आणि अखेरीस १ लाख जणांकडे पहिले. या १ लाख लोकांनी प्रत्येकी १०० रुपये पाठविले तर रक्कम होते १ कोटी. पत्रातील आकडेमोड येथवर अचूक असते आणि तिच्या अचूकपणामुळेच चांगली शिकलेली माणसेही फसतात.

एक लाखात एक

पत्र जे सांगत नाही ते याच्या पुढे सुरू होते. एका माणसाला १ कोटी मिळण्यासाठी १ लाख माणसांनी पैसे द्यावे लागले. त्या १ लाखांनाही प्रत्येकी १ कोटी मिळायचे असतील तर पैसे देणारे आणखी किती लागतील? १ लाख गुणिले १ लाख, म्हणजे १ हजार कोटी. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगाच्या लोकसंख्येने ८०० कोटींचा टप्पा ओलांडला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. तेव्हा पृथ्वीवरील प्रत्येक व्यक्तीने, अगदी पाळण्यातील बाळानेही, १०० रुपये पाठविले तरी आश्वासन पुरे होणार नाही.

साखळी कोणत्याही टप्प्यावर थांबवून पाहिली तरी निष्कर्ष एकच निघतो. ज्यांच्या खाली पाच पायऱ्या भरल्या आहेत, त्यांनाच पैसे मिळालेले असतात. शेवटच्या पाच पायऱ्यांवरील कोणालाही छदाम मिळालेला नसतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहापट असल्याने एकूण सहभागींपैकी पैसे मिळालेल्यांचे प्रमाण साधारणपणे १ लाखात एक इतके पडते. हे प्रमाण साखळी अखंड चालली असे मानून काढलेले आहे. प्रत्यक्षात तर बरीच पत्रे केराच्या टोपलीत जातात.

पत्र दहांऐवजी दोघांना द्यायचे असले म्हणून चित्र पालटत नाही. दोघांनी दोघांना, त्या चौघांनी प्रत्येकी दोघांना, अशी जोड्यांची रचना अनेक योजनांत असते. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट शाळेत सर्वांनीच ऐकलेली असते. हा प्रकार तोच आहे. एका माणसापासून सुरू झालेली अशी साखळी चोविसाव्या पायरीला पोहोचेपर्यंत तिच्यात १ कोटी ६७ लाखांहून अधिक सभासद झालेले असावे लागतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी २४ लाख. अशा रचनेत सर्वांत खालच्या पायरीवर नेहमीच एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक लोक असतात. आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे या व्यवहारात कोणतेही उत्पादन होत नाही, व्याज निर्माण होत नाही. एकाच्या हाती आलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून गेलेला असतो.

डेन्व्हरचे टपाल कार्यालय

पैशांच्या साखळीपत्राचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. महामंदीने होरपळलेल्या त्या देशात एप्रिल १९३५ मध्ये कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात एक पत्र फिरू लागले. त्यात सहा नावे असत. पहिल्या नावाला दहा सेंटचे नाणे पाठवायचे आणि पत्राच्या पाच प्रती मित्रांना द्यायच्या. नाव यादीच्या माथ्यावर पोहोचले, की १५ हजार ६२५ पत्रे येतील आणि त्यांतून १ हजार ५६२ डॉलर ५० सेंट मिळतील, असे आश्वासन होते. बेकारीच्या त्या दिवसांत दहा सेंट गमावण्याची भीती कोणालाच वाटली नाही. डेन्व्हरच्या टपाल कार्यालयावर पत्रांचा असा पूर लोटला, की जादा माणसे नेमावी लागली.

लवकरच ही लाट इतर राज्यांत पसरली. मिसुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड शहरात तर अशा पत्रांची खरेदी-विक्री करणारी दुकानेच उघडली गेली आणि दहा सेंटची जागा डॉलरने घेतली. काही दिवसांतच नवे गिऱ्हाईक मिळेनासे झाले आणि पत्रे विकत घेतलेल्यांच्या हाती कागद तेवढे उरले. हिशेब येथेही तोच होता. १५ हजार ६२५ जणांना प्रत्येकी तेवढीच पत्रे यायची तर २४ कोटींहून अधिक माणसे हवी होती. १९३० च्या जनगणनेनुसार अमेरिकेची लोकसंख्या होती सुमारे १२ कोटी ३० लाख.

यादीतील हातचलाखी

पत्र प्रथम लिहिणारा माणूस गणिताच्या भरवशावर कधीच बसत नाही. यादीतील पाचही नावे बहुधा त्याचीच असतात. कोठे टोपणनाव, कोठे नातेवाइकाचा पत्ता, कोठे दुसरे बँक खाते. त्यामुळे पहिल्या पाच पायऱ्यांचा सगळा पैसा एकाच घरी जातो. शिवाय मधल्या एखाद्याने वरचे नाव खोडून तेथे स्वतःचे घातले तर ते तपासण्याची कोणतीही सोय नसते.

ई-मेलवरून फिरणाऱ्या पत्रांनी आणखी एक युक्ती काढली. पैसे नुसते पाठवायचे नाहीत, तर त्या बदल्यात चार 'अहवाल' विकत घ्यायचे. श्रीमंत कसे व्हावे, या विषयावरील चार-दोन पानांचा मजकूर म्हणजे हे अहवाल. वस्तूची विक्री झाली असे दाखवून व्यवहार कायदेशीर असल्याचा आव आणणे हाच त्यामागील हेतू. 'ही योजना पूर्णपणे कायदेशीर आहे' असे वाक्य ज्या पत्रात ठळकपणे छापलेले असते, त्याच पत्राबाबत अधिक सावध राहणे इष्ट.

नवे वेष, जुनाच देह

साखळीला दुकानाचा किंवा कंपनीचा मुखवटा चढविला, की लहान रकमांच्या जागी आयुष्यभराची पुंजी येते. २०१० ते २०११ या काळात गाजलेल्या 'स्पीक एशिया' प्रकरणात सभासदांकडून वर्षाला ११ हजार रुपये वर्गणी घेतली जात असे. आठवड्याला दोन सर्वेक्षणे भरून दिल्यास १ हजार रुपये मिळतील, असे सांगितले जाई. म्हणजे अकरा आठवड्यांत वर्गणी वसूल आणि वर्षअखेर हाती ५२ हजार. नवे सभासद आणल्यास त्याचा मोबदला वेगळा. ही सर्वेक्षणे विकत घेणारे कोण, हा साधा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. ग्राहक म्हणून ज्या कंपन्यांची नावे घेतली गेली, त्यांपैकी काहींनी असा संबंध असल्याचे नाकारले. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास सुरू केला.

नाशिकमधील 'केबीसी' प्रकरणात तीन वर्षांत रक्कम तिप्पट करून देण्याचे आमिष होते. २०१४ मध्ये हे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा कंपनीचे प्रमुख परदेशी निघून गेले होते. जानेवारी २०२५ मध्ये दादर येथील 'टोरेस' या दागिन्यांच्या दालनासमोर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. तेथे खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा देण्याचे आणि नवे गुंतवणूकदार आणणाऱ्यास जादा लाभ देण्याचे आश्वासन होते. सर्वेक्षण, मुदत ठेव आणि खडे या वरवर भिन्न दिसणाऱ्या गोष्टी. तिन्ही ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच होता : नवे पैसे येणे थांबले तर जुन्यांना द्यायला पैसा कोठून येणार?

कायदा काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये जेम्स राज यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला होता. बक्षीस चिट योजना लोकहिताला बाधक असून त्यांवर बंदी घालावी, अशी शिफारस या गटाने केली. त्यातून 'प्राइज चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट, १९७८' हा कायदा झाला. नवे सभासद नोंदविण्यावर अवलंबून असलेला झटपट पैसा देऊ करणारी कोणतीही योजना या कायद्याच्या कक्षेत येते.

या कायद्यातील एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. बंदी केवळ योजना चालविणाऱ्यावर नाही. तिचा सभासद होणे, तिच्यात अन्य प्रकारे भाग घेणे आणि तिच्यासाठी पैसे देणे-घेणे यांवरही ती आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. आपण केवळ पत्र पुढे पाठविले किंवा चार ओळखीचे जोडून दिले, हा बचाव त्यामुळे टिकणारा नाही.

ठेवी घेऊन बुडविणाऱ्यांची मालमत्ता जप्त करण्यासाठी राज्यात १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, म्हणजेच 'एमपीआयडी' कायदा आहे. नियामकाच्या परवानगीविना ठेवी गोळा करण्यास केंद्राच्या २०१९ च्या कायद्याने बंदी घातली. थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड योजना चालविण्यास डिसेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या नियमांनी मनाई केली आहे.

भिशी वेगळी, साखळी वेगळी

चाळीत, कार्यालयात किंवा महिला मंडळात चालणाऱ्या भिशीशी साखळीची तुलना मुद्दाम केली जाते. भिशीत सभासदांची संख्या ठरलेली असते. बारा जणांनी दरमहा १ हजार रुपये भरले तर प्रत्येकाला एकदा १२ हजार मिळतात आणि वर्षभरात त्याने तेवढेच भरलेले असतात. तेथे पैसा वाढत नाही, केवळ एकगठ्ठा हाती येतो. एखाद्याने हप्ते बुडविण्याचा धोका तेथेही असतो. परंतु साध्या भिशीत पैसा दुप्पट, तिप्पट होण्याचे आश्वासन नसते आणि ती चालण्यासाठी रोज नवे सभासद लागत नाहीत. नोंदणीकृत चिट फंडांसाठी १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे.

अशा योजना कशा ओळखाव्यात?

- उत्पन्न वस्तूच्या विक्रीतून मिळत नसून नवे सभासद आणण्यावर अवलंबून असते.
- परतावा बँकेच्या व्याजदराच्या कितीतरी पट असतो आणि तरीही 'हमी' दिली जाते.
- पैसा नेमका कोठे गुंतविला जातो, याचे उत्तर मिळत नाही किंवा ते दर वेळी बदलते.
- 'आजच निर्णय घ्या' अशी घाई केली जाते.
- विश्वासासाठी हिशेबाऐवजी गाड्यांची छायाचित्रे, सभा आणि ओळखीच्यांचे अनुभव पुढे केले जातात.
- कंपनीची नोंदणी दाखविली जाते. कंपनी म्हणून नोंदणी होणे म्हणजे ठेवी घेण्याचा परवाना मिळणे नव्हे.

सुरुवातीच्या काहींना खरोखर पैसे मिळतात, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. तीच या योजनांची जाहिरात असते. शेजाऱ्याला धनादेश मिळाला यावरून योजना खरी ठरत नाही. त्याच्या खालच्या पायऱ्या भरत होत्या, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

तक्रार कोठे करावी?

अशा प्रकरणांत तक्रारी उशिरा येतात, याचे एक कारण लाज हे आहे. पैसे गमावणाऱ्याने बहुधा मेहुण्याला, मावशीला, कार्यालयातील सहकाऱ्याला त्यात ओढलेले असते. तक्रार केली तर ते जाब विचारतील आणि गप्प राहिले तर कदाचित खालून पैसे येतील, या आशेवर तो थांबतो. प्रत्यक्षात या दिवसांतच पैसा खात्यांतून नाहीसा होतो.

व्यवहार ऑनलाइन झाला असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. जितक्या लवकर कळविले जाईल तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक. अन्यथा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. मोठ्या रकमांचा तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे जातो. बेकायदा ठेव योजनांची माहिती रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'सचेत' संकेतस्थळावरही देता येते. मूळ पत्र, पावत्या, संदेश आणि खात्यांचे उतारे जपून ठेवावेत. आपण ज्यांना सभासद केले, त्यांना त्याच दिवशी सावध करावे. त्यांनी पुढे कोणाला जोडले नाही, तर निदान त्यांच्याखालची पायरी रिकामी राहील आणि तेवढी माणसे वाचतील.