सीमंतोन्नयनातील वीणा

गर्भावस्थेतील संगीताच्या इतिहासाची चर्चा बहुधा महाभारतातील अभिमन्यूपासून सुरू होते. परंतु द्रोणपर्वात अभिमन्यू व्यूह भेदण्याची विद्या आपल्याला पित्याने शिकवली एवढेच सांगतो, आणि गर्भात ऐकल्याच्या लोकप्रिय कथेतही विषय युद्धविद्येचा आहे, संगीताचा नव्हे. संगीताचा प्राचीन आधार गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या ग्रंथांत आढळतो.

आश्वलायन गृह्यसूत्रानुसार गर्भाच्या चौथ्या महिन्यात सीमंतोन्नयन, म्हणजे पतीने पत्नीचा भांग काढण्याचा विधी करावयाचा असे. त्यासाठी कच्च्या फळांचा घोस, तीन ठिकाणी पांढरा असलेला साळिंदराचा काटा आणि कुशाच्या तीन जुड्या घेत, आणि त्यानंतर दोन वीणावादकांना सोमराजाचे गान करण्यास सांगत. त्या गानात, ज्या नदीकाठी कुटुंब राहत असेल तिचे नाव घ्यावे, ही सूचना फार मोलाची आहे. कारण तिच्यावरून हे संगीत गर्भाच्या कानासाठी नसून, गर्भवतीला सोमराजाच्या आणि आपल्या नदीच्या छायेत सुखरूप ठेवण्यासाठी होते असे दिसते.

सुश्रुतसंहितेतील विचार याच्याशी जुळतो. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून दोन हृदयांच्या त्या स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हणतात, आणि तिच्या इच्छा डावलल्यास गर्भाला अपाय होतो, असे तेथे सांगितले आहे. मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द याच कल्पनेच्या परिवारातला. महाराष्ट्रातील डोहाळजेवणात वीणा उरली नाही, पण फुलांनी सजवलेल्या झोपाळ्याभोवती बायका डोहाळ्यांची गाणी म्हणतात, आणि त्यांतही महिन्यामहिन्याने बदलणाऱ्या आईच्याच इच्छा गायल्या जातात.

संगीत थेट बाळाला ऐकवून त्याची बुद्धी वाढवावी, ही अपेक्षा मात्र अलीकडची आहे. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या मोझार्टविषयीच्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर संगीताचा काही मिनिटेच टिकणारा परिणाम नोंदवला होता; तरी 1998 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बालकांना अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका देण्याचा प्रस्ताव मांडला. गर्भ ऐकतो याचा अधिक भक्कम पुरावा 1986 सालच्या डीकॅस्पर आणि स्पेन्स यांच्या प्रयोगाचा आहे: गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आईने रोज मोठ्याने वाचलेला उतारा नवजात बाळांनी ओळखला, अगदी दुसऱ्या स्त्रीच्या आवाजातही. त्या प्रयोगात वाद्य नव्हते. होता तो आईचा आवाज, जो तिच्या शरीरातूनच गर्भापर्यंत पोहोचतो.