पानसुपारीपुरता खर्च

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. पाहावे कोणी आणि फेडावे कोणी, याचा खुलासा मात्र त्यांनी केलेला नाही. बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षे बसल्यावर मला एवढे कळले आहे, की घर बांधणाऱ्याला शेवटी निदान घर तरी मिळते. बँक ते गहाण ठेवून घेते, म्हणजे त्याला काही मोल आहे असे मानते. लग्न गहाण ठेवून घेणारी बँक अजून निघालेली नाही. मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो, बँडवाला दुसऱ्या वरातीत शिरतो आणि हाती राहतो तो अल्बम. त्यात वधूपित्याचा धड फोटो एकच असतो, आणि त्यातही तो आचाऱ्याशी बोलत असतो.

एवढे करून प्रत्येकाचा आग्रह असा, की लग्न 'संस्मरणीय' झाले पाहिजे. कोणाच्या स्मरणात आणि किती दिवस, हे कोणी विचारत नाही. मी एकदा आमच्या शाखेत सहज चाचणी घेतली. हेडकॅशियरच्या मुलीच्या लग्नाला वर्ष झाले होते. पंगतीत गोड काय होते, असे मी सहा जणांना विचारले. तिघांनी जिलबी सांगितली, दोघांनी श्रीखंड. सहावा म्हणाला, "मला वाटतं मी गेलोच नव्हतो." होता. माझ्याच शेजारी बसून त्याने मठ्ठा तीन वेळा मागून घेतला होता.

तेव्हा लग्न स्मरणात राहते ते कशाने? मी पडलो कॉमर्सचा माणूस. आमच्या शास्त्रात खर्च वेगळा आणि किंमत वेगळी. खर्च म्हणजे खिशातून गेले ते. किंमत म्हणजे वस्तूपायी जे जे सोसावे लागले ते सगळे. हा भेद घेऊन मी इतिहासातली काही लग्ने उलटून पाहिली. पाहुणा म्हणून नव्हे, ऑडिटर म्हणून. ऑडिटरला जेवायला कोणी बोलावत नाही, त्यामुळे दृष्टी स्वच्छ राहते.

सुरुवात थाटाच्या लग्नापासून केली. सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न १७८३ च्या फेब्रुवारीत पुण्यात झाले. नवरदेवाला नववे वर्ष पुरे व्हायचे होते. कार्याची सूत्रे नाना फडणविसांकडे होती. फडणवीस हे मुळात हिशेबाचे पद. म्हणजे त्या लग्नाचा व्यवस्थापक आमच्याच जातीचा, कारकुनी जातीचा. पाहुण्यांची ऊठबस, पंगती, मानपान, सगळ्याची तजवीज त्यांनी लेखी करून ठेवली. संशोधक आजही ती कौतुकाने वाचतात. पण गंमत पाहा. स्मरणात राहिली ती नानांची यादी. नवरदेव आपल्याला आठवतात ते लग्नामुळे नव्हे. १७९५ साली शनिवारवाड्यात वरून पडून गेले म्हणून. दौलतीचा एवढा खर्च, आणि स्मरण व्यवस्थापकाचे!

आता त्याच पुण्यातले दुसरे लग्न, नव्वद वर्षांनंतरचे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. समाज, संस्था, मंडळ अशा गोष्टी निघाल्या की पहिली तीन वर्षे घटना लिहिण्यात आणि घटनेवरून भांडण्यात जातात, असा आपला अनुभव. इथे तीन महिने आणि एक दिवस होताच, म्हणजे २५ डिसेंबर १८७३ रोजी, समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागलेसुद्धा. वर सीताराम जबाजी आल्हाट. वधू राधा, ग्यानोबा निंबणकरांची मुलगी. वधूची आई बजूबाई ही सावित्रीबाईंची मैत्रीण. भटजी नाही, दक्षिणा नाही. खर्च झाला तो पानसुपारीचा.

पानसुपारीचा! आमच्या बँकेत असली रक्कम 'किरकोळ खर्च' या सदरात टाकतात. तिचे व्हाउचर कोणी नीट पाहतही नाही.

जोतीराव हे काही व्यवहार न कळणारे गृहस्थ नव्हते. पुण्याच्या आसपासच्या मोठाल्या बांधकामांची कंत्राटे त्यांनी घेतली होती. पैसा कुठे लागतो आणि कुठे मुरतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी खर्चाचे कलम नुसते कापले नाही, त्या जागी काहीतरी घातले. लग्न मराठीत लागले. सत्यशोधक पद्धतीसाठी त्यांनी ज्या मंगलाष्टका लिहिल्या, त्यात वधूवर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल विचारते आणि ते देण्याची शपथ वराकडून सर्वांसमक्ष घ्यायला लावते. आपल्या नेहमीच्या लग्नात अंतरपाटाच्या अलीकडची मुलगी काय बोलते? काही नाही. मामा खांद्याला धरून उभा असतो आणि अक्षता डोळ्यांत जातात. ज्या लग्नात नवरी अटी घालते आणि नवरा त्या मान्य करतो, ते विसरायचे म्हटले तरी निदान नवऱ्याला विसरता येणार नाही.

हे झाले खर्चाचे. किमतीचे काय? भटजीवाचून लागलेले लग्न हे लग्नच नव्हे, असे मानण्याचा तो काळ. अशा लग्नांतही आपली दक्षिणा बुडता कामा नये म्हणून पुढे जोशीपणाच्या हक्काचे खटले कोर्टात गेले. आल्हाटांच्या आणि निंबणकरांच्या घरी आदल्या रात्री काय बोलणे झाले असेल ते इतिहासात नाही, पण ते ऐकायला इतिहासकार कशाला हवा? एखादा काका म्हणाला असेल, "सुधारणा करा, पण पहिलं लग्न दुसऱ्याच्या घरात होऊ द्या." एखादी आत्या नुसतीच डोळ्याला पदर लावून बसली असेल. हे सगळे सोसून दोन माणसे उभी राहिली. ती किंमत पानसुपारीच्या हिशेबात कुठे दाखवायची, हे माझ्या कॉमर्सच्या पुस्तकात नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तुम्हीही गोरगरिबांना 'उधळपट्टी करू नका' असा उपदेश करणार. मुळीच नाही. त्या लग्नानंतर दीड वर्षाने, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. लोकांनी शोधून शोधून जाळले ते सावकारांचे दस्तऐवज आणि वह्या. (हे वाचताना माझा हात नकळत लेजरकडे गेला.) सरकारने चौकशी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यात पैसे उधळतो म्हणून कर्जात बुडतो, अशी तेव्हा शहाण्या लोकांत समजूत होती. आयोगाने मत दिले, की या कारणाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. ऐपतीच्या मानाने खर्च मोठा दिसतो हे खरे; पण असे प्रसंग येतात कधीमधी, आणि वर्षांवर वाटून पाहिले तर आपल्या माणसांबरोबरच्या आनंदापायी तेवढा खर्च करण्याचा त्यालाही हक्क आहे. साहेबी आयोगाच्या अहवालात माणसाच्या सुखाला अशी मंजुरी मिळालेली मी दुसरीकडे वाचलेली नाही. तेव्हा एका दिवसाच्या आनंदाला माझीही हरकत नाही. हरकत आहे ती भीतीपोटी केलेल्या खर्चाला.

जोतीरावांच्या घरचे लग्नही असेच. दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न त्यांनी ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने लावले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात निकामी झाला, तरी डाव्या हाताने लिहिणे चालू होते. सून हडपसरच्या सासण्यांची. मुलामुलीची आधी ओळख व्हावी म्हणून सावित्रीबाईंनी तिला लग्नापूर्वीच घरी आणून ठेवले होते, असे सांगतात. लग्नाआधी मुलामुलीला बोलू देतो म्हणून आज आपण स्वतःला फार पुढारलेले समजतो, आणि ते बोलताना मागच्या खोलीत सगळे कान लावून बसतो.

मग चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात धोंडो केशव कर्व्यांचे लग्न झाले. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, आणि विधुर. वधू गोदूबाई, त्यांच्या मित्राची बहीण. ती आठव्या वर्षी विधवा झालेली आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत असलेली. विधुराने कुमारिकेशी लग्न करावे ही रीत; विधवेशी करणे म्हणजे आकाश कोसळणे. लग्नात झगमगाट काही नव्हता. झगमगाट झाला तो नंतर, कर्वे नव्या पत्नीला घेऊन कोकणात मुरूडला गेले तेव्हा. गावाने सभा भरवली आणि ठराव केला, की कर्वे ज्या बैठकीत असतील तिथे कोणी बसू नये. पुन्हा ते गावी आले आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला, तर घरच्यांवरही बहिष्कार. आपल्याकडे वरातीला माणसे जमवण्यासाठी बसगाड्या ठरवाव्या लागतात. इथे एका जोडप्यासाठी सगळा गाव न बोलावता जमला.

गणिताच्या प्राध्यापकाने ही किंमत आधी मांडून पाहिली नसेल असे मला वाटत नाही. त्या लग्नाचे व्याज पुढे काय आले ते सगळ्यांना माहीत आहे: १८९६ साली अनाथ बालिकाश्रम, १९१६ साली महिला विद्यापीठ, १९५८ साली भारतरत्न. आणि गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई, सगळ्यांच्या 'बाया' झाल्या. एवढा परतावा देणारी योजना आमच्या बँकेकडे नाही.

श्रीमंतांच्या घरीही हाच ताळा जमतो. १९१६ साली दिल्लीत जवाहरलाल नेहरूंचे लग्न झाले. वऱ्हाड अलाहाबादहून खास आगगाडीने आले आणि पाहुण्यांसाठी तंबूंची एक वसाहतच उभी राहिली. तिला 'नेहरू वेडिंग कॅम्प' असे नाव होते. २६ मार्च १९४२ रोजी मुलीचे, इंदिरेचे, लग्न अलाहाबादला घरच्या घरी, आनंद भवनात झाले. तिच्या अंगावर गुलाबी खादीची साडी होती. सूत वडिलांनी तुरुंगात कातलेले. तंबूंची वसाहत चरित्रे वाचणाऱ्यांना ठाऊक असते, साडी मात्र सगळ्यांना. कारण तंबू पैशाने मिळतात. बापाने तुरुंगात बसून कातलेले सूत कुठल्या दुकानात मिळणार?

बरे, आज कमी खर्चात लग्न करायचे तर कायदा आडवा येत नाही. तो उलट हात धरून नेतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचे, तीन साक्षीदार न्यायचे आणि सह्या करायच्या. ती नोटीस कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावतात. सरकार स्वतःच्या भिंतीवर लावते अशी ही एकमेव लग्नपत्रिका. फरक एवढाच, की तिच्यात आग्रहाचे निमंत्रण नसते; हरकत असल्यास कळवावे, असा तिचा रोख असतो. खरे म्हणजे छापील पत्रिकेतही हे एक वाक्य घालायला हवे. निदान हरकती जेवणाआधी निघतील.

मग लोक तसे का करत नाहीत? याचे उत्तर मला काउंटरवर मिळाले. एक गृहस्थ मुदत ठेव मोडायला आले होते. मुदतीला सात महिने बाकी.

"काका, व्याज बुडेल," मी म्हटले. "कार्य आहे का घरात?"

"मुलीचं. हॉल मोठा घ्यावा लागतोय."

"लहान नाही चालणार?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "मुलगी तर म्हणते रजिस्टर करू. मुलगाही तयार आहे. पण हिला वाटतं, लोक म्हणतील पोरीनं पळून जाऊन केलं."

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी सही केली. ती नमुना सहीशी जुळेना, हात थरथरत होता. दुसऱ्यांदा करायला लावली. बारा वर्षे थोडे थोडे बाजूला टाकून केलेली ठेव होती. ती मुलीसाठी मोडली असती तर मला काही वाटले नसते. मुलीला ती नकोच होती. ती मोडली गेली 'लोक' नावाच्या खातेदारासाठी. हा खातेदार कधी एक पैसा भरत नाही, आणि काढतो मात्र प्रत्येक घरातून.

म्हणून मला ते १८७३ चे लग्न पुन्हा पुन्हा आठवते. त्या दिवशीही पुण्यात लोक पुष्कळ काही म्हणाले असणार. पुण्यात लोक म्हणाले नाहीत असा दिवस कॅलेंडरात नाही. त्यातले एक वाक्य आज कोणाला पाठ नाही, म्हणणाऱ्याचे नाव तर नाहीच. सीताराम आणि राधा ही नावे मात्र दीडशे वर्षांनंतरही सांगता येतात, आणि त्यांच्या लग्नाचा खर्चसुद्धा.

तेव्हा ज्यांच्या घरी कार्य ठरले आहे, त्यांनी आधी मुलामुलीला विचारावे. त्यांना मांडव हवा असेल तर जरूर घालावा. आयोगाची मंजुरी आहे. नको असेल तर एकमेकांना काय कबूल करणार ते चार माणसांसमोर मोठ्याने बोलायला सांगावे आणि कार्य उरकावे. फक्त सुपारी जरा बरी घ्यावी. एकच कलम असले म्हणजे त्यात काटकसर करू नये.