सकाळी कनेक्ट होतं, दुपारी नाही: रिमोट डेस्कटॉपचा घोळ नेमका कुठे असतो?

महिन्याची १९ तारीख. उद्या जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख. अकाउंटंट मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलाय आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे पुढच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. सकाळी रिमोट डेस्कटॉपने कनेक्ट झालं होतं. जेवून आल्यावर मात्र 'कनेक्ट होऊ शकत नाही' असा मेसेज. तो उठून पुढे जातो, काळी स्क्रीन बघून माऊस हलवतो, सगळं ठीक दिसतं. परत जागेवर येतो, तर लगेच कनेक्ट होतं!

लहान ऑफिसांमध्ये हा प्रकार नेहमीचा. इंटरनेटवाल्याला फोन जातो, राउटर बंद-चालू होतो, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मुळात 'कधी होतं, कधी नाही' यातच मोठा धागा आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेण्याची सोयच नाही, पण तसं असतं तर ते एकदाही चाललं नसतं. पासवर्डचंही तेच. म्हणजे सेटिंग मुळात बरोबर आहे आणि दिवसभरात दुसरंच काहीतरी बदलतंय. ते काय, हे शोधायचं.

वरच्या गोष्टीत उत्तर माऊसमध्ये आहे. कॉम्प्युटर झोपला होता. काही वेळ कुणी हात लावला नाही की विंडोज स्लीपमध्ये जातं आणि झोपलेला कॉम्प्युटर रिमोट डेस्कटॉपची हाक ऐकत नाही. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तरी चालेल. सोबत डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जाऊन वीज वाचवण्यासाठी अ‍ॅडॅप्टर बंद करण्याची परवानगी देणारी टिकही काढा.

पत्ता बदलला तर?

राउटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता देतो, पण तो कायमचा नसतो, ठरावीक मुदतीच्या भाड्यावर असतो. घर बदललं की जुन्या पत्त्यावरचं पत्र परत येतं, तसंच इथे. लाइट जाऊन आली, राउटर नव्याने सुरू झाला, की कालचा १९२.१६८.१.५ आज कुणाच्या तरी मोबाइलला मिळालेला असू शकतो.

यावर अनेक जण कॉम्प्युटरमध्येच पत्ता पक्का करून टाकतात, आणि इथे नवा घोळ सुरू होतो. राउटरला हे माहीतच नसतं. तो तोच पत्ता दुसऱ्याला देऊन बसू शकतो आणि मग एका पत्त्यावर दोन यंत्रं भांडतात. त्यापेक्षा राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी पत्ता राखून ठेवा, म्हणजेच रिझर्व्हेशन करा. कॉम्प्युटर वायफायवर असेल तर विंडोजमधला 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' हा पर्याय बंद हवा, नाहीतर राउटर त्याला ओळखणारच नाही. शक्य असेल तर सरळ केबल लावा.

दोन राउटरचं ऑफिस

रेंज पोचत नाही म्हणून मागच्या खोलीत जुना राउटर जोडलेला असतो. अशा वेळी बऱ्याचदा दोन वेगळी नेटवर्क तयार होतात: एकात पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, दुसऱ्यात १९२.१६८.० ने. दुसऱ्या राउटरमागचा लॅपटॉप पहिल्या नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतो, उलट दिशेने मात्र नाही. लॅपटॉप कोणतं वायफाय पकडतो यावर सगळं अवलंबून राहतं, म्हणून खुर्ची बदलली की नशीब बदलतं. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला की दोन्हीचं एकच नेटवर्क होतं. गेस्ट वायफायवरून तर बहुतेक राउटर आतल्या यंत्रांपर्यंत जाऊच देत नाहीत.

बिघडलेलं असतानाच तपासा

राउटर बंद-चालू करण्याआधी दोन मिनिटं थांबा, कारण रिस्टार्टमध्ये पुरावाच पुसला जातो. आधी कॉम्प्युटरच्या नावाऐवजी थेट आयपी पत्ता टाकून बघा. त्याने कनेक्ट झालं तर अडचण फक्त नाव ओळखण्यात आहे.

नाही झालं तर त्या पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं नाही म्हणजे कॉम्प्युटर बंद, असं मानू नका. विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंग अडवते. एकाच नेटवर्कवर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर बहुतेक वेळा त्या पत्त्यावर कुणीच नसतं. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर यंत्र असूनही गप्प असू शकतं. मग पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन कमांडने पोर्ट ३३८९ तपासा. पिंग चालतंय पण पोर्ट बंद, तर फायरवॉल किंवा रिमोट डेस्कटॉपची सर्व्हिस बघायची. नवा राउटर बसवल्यावर विंडोज त्याला 'पब्लिक' नेटवर्क समजू शकतं. ऑफिसचं स्वतःचं नेटवर्क असेल तर ते 'प्रायव्हेट' करा.

चालू काम मध्येच बंद पडलं, तर तो बिघाड नसेलही. विंडोज प्रो एका वेळी एकालाच काम करू देतं. पुढच्या टेबलावर कुणीतरी लॉगिन केलेलं असतं.

या सगळ्याला वैतागून काही जण राउटरवर ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडून देतात. ते अजिबात करू नका. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली 'ब्लूकीप' ही त्रुटी इतकी गंभीर होती, की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली होती. घरून काम करायचं असेल तर आधी व्हीपीएन, मग रिमोट डेस्कटॉप.