प्रत्यार्पण आणि राष्ट्राची पत

पत ही संकल्पना अर्थशास्त्रात ऋणको आणि धनको यांच्या संदर्भात शिकवली जाते. परंतु राष्ट्रांनाही पत असते, आणि गुन्हेगारांच्या प्रत्यार्पणात ती पणाला लागते. आपल्या हद्दीतील मनुष्य परक्या देशाच्या स्वाधीन करताना हाती असतो तो बहुतांशी त्या देशाचा शब्द.

या विषयातील हिंदुस्थानाशी निगडित सर्वांत गाजलेला वाद पारतंत्र्यात झाला. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात बोटीतून निसटलेल्या विनायक दामोदर सावरकरांना फ्रेंच पोलिसाने पकडून ब्रिटिशांच्या हवाली केले. फ्रान्सने त्यांना परत मागितले. हेग येथील लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी निर्णय दिला की, हस्तांतरणात अनियमितता झाली असली तरी बंदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. दोन साम्राज्यांच्या त्या वादात हिंदुस्थान पक्षकारही नव्हता.

सावरकरांना ज्या १८८१च्या ब्रिटिश कायद्याखाली लंडनमध्ये अटक झाली होती, तो स्वातंत्र्यानंतरही काही काळ आपल्याकडे वापरला जात होता. सिंगापूरला आरोपी पाठवण्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ठरवले की, साम्राज्याच्या प्रदेशांपुरती असलेली ही व्यवस्था प्रजासत्ताक भारताला लागू करता येणार नाही. पुढे १९६२ मध्ये आपला स्वतःचा प्रत्यार्पण कायदा आला. ज्या गुन्ह्यासाठी मनुष्य सोपवला गेला, सामान्यतः त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवावा, हे तत्त्व या कायद्यात आहे. ज्या देशात फाशी नाही तेथून आणलेल्या आरोपीस फाशीऐवजी जन्मठेप द्यावी, अशी तरतूद १९९३ मध्ये त्यात समाविष्ट झाली.

या तत्त्वांची खरी कसोटी अबू सालेम प्रकरणात लागली. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले. त्या खटल्यात हवा असलेला सालेम २००२ मध्ये लिस्बनमध्ये सापडला. त्या वेळी पोर्तुगालशी आपला प्रत्यार्पण करार नव्हता, आणि तेथील राज्यघटनेस फाशी व जन्मठेप दोन्ही अमान्य. डिसेंबर २००२ मध्ये उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी हमी दिली की, त्याला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक कारावासही होणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो मुंबईत आणला गेला.

सप्टेंबर २०१७ मध्ये टाडा न्यायालयाने दोघा आरोपींना फाशी आणि सालेमला जन्मठेप सुनावली. मृतांच्या आप्तांना हा भेद अन्याय वाटला तर त्यांना दोष देता येणार नाही. तथापि पर्याय फाशी की जन्मठेप असा नव्हताच. हमीविना हा मनुष्य खटल्यासाठी आपल्या हाती येण्याची शक्यताच नव्हती. ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, १२ ऑक्टोबर २००५ पासून मोजून २५ वर्षे पूर्ण होताच शिक्षामाफीचा सल्ला राष्ट्रपतींना देण्यास केंद्र सरकार बांधील आहे.

परदेशातील न्यायालये अशा हमींची कसून तपासणी करतात. विजय मल्ल्या प्रकरणात २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगातील कोठडीचे चित्रीकरण मागवले होते. यापुढे ज्या देशाकडे आपण आरोपी मागू, तेथील न्यायाधीश २०३० मध्ये दिल्लीने काय केले हेही पाहतील. त्या वेळी सरकार कोणत्याही पक्षाचे असो, २००२ ची हमी भारताच्या नावे लिहिलेली आहे.