मानाचा करंडक आणि आपल्या पूर्वजांची नोंद

इंग्रजी अमदानीत थोर माणसाला मानपत्र द्यायचे तर ते चांदीच्या नक्षीदार करंडकातून देत. ही रीत विलायतेतही होती. लंडन शहर एखाद्याला मानाचे नागरिकत्व देई, तेव्हा त्याचा कागद सोन्याच्या करंडकात घालून देई. 1797 च्या फेब्रुवारीत सेंट व्हिन्सेंट भूशिराजवळ स्पेनच्या आरमाराचा पराभव झाला. त्या लढाईतील पराक्रमाबद्दल होरेशिओ नेल्सन यांना 100 गिनी किमतीचा असा करंडक मिळाला. पुढच्या वर्षी 1 ऑगस्टला त्यांनी इजिप्तच्या किनाऱ्यावर अबुकीरच्या उपसागरात फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडवला. त्याबद्दल रशियाच्या बादशहाने त्यांना हिरेजडित पेटी पाठवली.

आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. तेव्हा आपले मॉरिशस बेट फ्रेंचांच्या ताब्यात होते. 1798 च्या जानेवारीतच टिपू सुलतानाचे वकील फ्रेंचांची मदत मागायला पोर्ट लुईला आले होते. त्यातच नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. त्याची नजर हिंदुस्थानावर आहे, अशी इंग्रजांना धास्ती होती. म्हणूनच लढाई जिंकताच नेल्सन यांनी लेफ्टनंट डुव्हाल यांच्या हाती मुंबईच्या गव्हर्नरांना पत्र धाडले, आणि ईस्ट इंडिया कंपनीने नेल्सन यांना 10,000 पौंडांचे बक्षीस दिले.

आपल्या बेटावरून निघणारी फ्रेंच जहाजे मात्र कंपनीची गलबते लुटतच राहिली. ऑगस्ट 1810 मध्ये ग्रँड पोर्टला इंग्रज हरले, पण डिसेंबरात त्यांनी बेट घेतले. 1825 पासून येथल्या साखरेवरची विलायतेतील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच झाली आणि उसाची लागवड वाढली. 1835 मध्ये गुलामगिरी संपली. मळ्यांना हात हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून 36 मजूर कलकत्त्याहून आले होते. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरची आपली माणसे आली. समुद्रावरच्या त्या लढायांनी हे बेट इंग्रजांचे झाले, आणि इंग्रजांच्या राज्यातच आपले पूर्वज गिरमिटावर येथे उतरले.

त्यांना कोणी मानपत्र दिले नाही. तरी त्यांचेही कागद आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांची दप्तरे जपलेली आहेत. त्यांत क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण अशा नोंदी आहेत. 1860 च्या दशकापासून पुढे छायाचित्रेही आहेत. कारकुनाने ऐकले तसे लिहिले, त्यामुळे कित्येक नावे आणि गावे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. आजीच्या तोंडून ऐकलेले गावाचे नाव माहीत असेल, तरच ती नोंद वाचता येते.

म्हणून या शताब्दीच्या वर्षी आम्ही सर्व कुटुंबांना विनंती करतो. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, गावाचे आणि कुळाचे नाव लिहून घ्या, मग मोक्याला जाऊन आपल्या माणसाचा क्रमांक शोधा. सापडलेला कागद देव्हाऱ्याजवळ ठेवा आणि मुलांना वाचून दाखवा.